ॲस्बेस्टस कामगार संरक्षण, ब्रिटनमधील

ॲस्बेस्टस या तंतुमय खनिजाच्या धुळीपासून कामगारांना वाचविण्यासाठी ब्रिटनमध्ये करण्यात आलेले नियम. ॲस्बेस्टस जळत नाही, उष्णता रोखते व त्याचे सूत काढता येते. या गुणांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लँकाशर परगण्यात, विशेषतः रॉचडेल येथे, त्याचे कारखाने भरभराटीस आले. पिंजण, कताई व विणकाम या कापूस गिरण्यांत रुळलेल्या क्रियाच तेथे वापरीत. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेले हे खनिज तंतू तेथेच रुतून बसतात, भोवतालचे ऊतक कठीण होत जाते आणि श्वास उत्तरोत्तर अपुरा पडू लागतो.

धोक्याची जाणीव लवकर झाली होती. कारखाना खात्यातील स्त्री-निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात या धुळीच्या अपायाची नोंद केली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेप्रमाणे धारदार आढळले होते. १८९९ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरी यांनी ३३ वर्षांचा एक कामगार तपासला. पिंजण विभागातील दहा जणांपैकी आपण एकटेच जिवंत आहोत, असे त्याने सांगितले. लवकरच तोही मरण पावला. मरी यांनी १९०६ मध्ये शासकीय समितीपुढे ही हकिकत मांडली, तथापि नुकसानभरपाईस पात्र रोगांच्या यादीत या विकाराचा समावेश झाला नाही. याचा परिणाम १९२४ मध्ये दिसला. रॉचडेलच्या कामगार नेली कर्शॉ वारल्या, तेव्हा कायद्याने हा व्यवसायजन्य रोगच नसल्यामुळे मालकांनी भरपाई नाकारली. त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करणारे विल्यम कुक यांनी १९२७ मध्ये या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले.

यानंतर कारखाना खात्याचे वैद्यकीय निरीक्षक ई. आर. ए. मेरिवेदर व अभियांत्रिकी निरीक्षक सी. डब्ल्यू. प्राइस यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सु. एक चतुर्थांश कामगारांत रोग आढळला. वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांत तर बहुसंख्य पीडित होते. त्यावरून १९३१ ची नियमावली तयार झाली व १ मार्च १९३२ पासून अंमलात आली. शोषक यंत्रणेने यंत्राजवळच धूळ ओढून घेणे, काही धुळकट कामांवर अल्पवयीनांस न नेमणे, श्वसनसाधने पुरविणे इ. तरतुदी तीत होत्या. भरपाई व वैद्यकीय तपासणी यांचीही सोय झाली.

या नियमावलीचे मर्म, आणि तिची उणीवही, ‘धूलिमर्यादा’ या कल्पनेत आहे. चांगल्या स्थितीतील कताई विभागाइतकी धूळ असली, की रोगाचे प्रमाण पुष्कळ घटेल, असे अहवालाने मानले होते. ही कसोटी संख्येत नव्हती, डोळ्यांच्या अंदाजाची होती. शिवाय नियम मुख्यतः उत्पादनाच्या ठरावीक क्रियांना लागू होते. बाष्पित्रे व नळ यांवर आवरणे चढविणारे, गोद्यांतील आणि बांधकामावरील कामगार बव्हंशी बाहेरच राहिले. पुढे सर्वाधिक बळी याच वर्गातून गेले. खटलेही फार थोडे झाले.

दरम्यान कर्करोगाचा संबंध उघड झाला. वीस वर्षे वा अधिक काळ धुळीत राहिलेल्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सु. दहापट असल्याचे रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये दाखविले. जे. सी. वॅग्नर यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टसचा मेसोथेलिओमा या आवरणाच्या कर्करोगाशी संबंध जोडला. लंडनमधील १९६५ च्या अभ्यासात तर कामगारांचे कपडे धुणारे घरचे लोक व कारखान्याशेजारचे रहिवासीही रुग्णांत आढळले. म्हणजे कारखान्याच्या भिंतीपुरता विचार अपुराच होता.

१९६९ च्या नियमांनी व्याप्ती वाढविली व मोजता येणारी तंतुमर्यादा आणली. निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टसवर १९८५ च्या नियमांनी, तर पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. रोग उद्‌भवण्यास बहुधा अनेक दशके लागत असल्यामुळे बंदीनंतरही मेसोथेलिओमाचे मृत्यू वर्षाला दोन हजारांवर राहिले. इमारतींत उरलेल्या ॲस्बेस्टसची जबाबदारी २०१२ च्या नियमांनुसार इमारतीची देखभाल पाहणाऱ्यावर आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला.