मानवशास्त्र म्हणजे काय? नेवाशाच्या उदाहरणातून ओळख

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा सर्वांगीण अभ्यास. माणसाचे शरीर, उत्क्रांती, भाषा, नातेसंबंध, श्रद्धा आणि त्याने मागे ठेवलेल्या वस्तू हे सर्व या शास्त्रात येते. त्याच्या चार मुख्य शाखा आम्ही नेवाशाच्या आधारे मांडत आहोत.

१) पुरातत्त्वीय मानवशास्त्र : वस्तूंवरून जुन्या माणसांचे जीवन समजून घेणारी शाखा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवाशात उत्खनन केले. प्रवरेच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली, तर टेकाडात ताम्रपाषाणयुगीन वस्ती. तिथे लहान मुलांना मातीच्या कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत असत.

२) शारीरिक मानवशास्त्र : हाडे, शरीररचना आणि उत्क्रांतीचा अभ्यास. या शाखेचा गैरवापरही झाला आहे. नेवासा उत्खननाच्या १९६० च्या अहवालाच्या चार लेखकांपैकी एक जर्मन मानवशास्त्रज्ञ सोफी एऱ्हार्ट होत्या. नाझी काळात रोमा समाजाची ‘वांशिक’ तपासणी करणाऱ्या संस्थेत त्यांनी काम केले होते. त्या तपासणीचा उपयोग रोमांना छळछावण्यांत पाठवण्यासाठी झाला.

३) सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र : विवाह, कुटुंब, जात, धर्म यांचा अभ्यास. संशोधक लोकांमध्ये राहून निरीक्षण करतो, त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. गटाबाहेर लग्न करणे म्हणजे बहिर्विवाह, गटातच करणे म्हणजे अंतर्विवाह.

४) भाषिक मानवशास्त्र : भाषा आणि समाज यांचे नाते. परंपरेनुसार ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली. धर्मज्ञान संस्कृतात बंद असताना ते लोकभाषेत येणे, हा या शाखेचा विषय आहे.

बाबासाहेब आणि मानवशास्त्र

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्र चर्चासत्रात, बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. अंतर्विवाह हेच जातीचे मूळ लक्षण, असे त्यांनी मांडले. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचीच आकडेवारी तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, असा निष्कर्ष काढला. ज्या मोजपट्टीने माणसांत भेद केला जात होता, त्याच मोजपट्टीने त्यांनी भेदाचा दावा खोडून काढला.

आजचे विज्ञान मानवजातीचे वेगवेगळे जैविक वंश मानत नाही. जात निसर्गाने दिलेली नाही, माणसाने लग्नाच्या नियमांतून घडवली आहे. म्हणूनच ती माणसाला मोडताही येते. मानवशास्त्र तरुणांनी वाचावे ते यासाठी.