आंकड्यांचें चित्र आणि काढणाराची जबाबदारी

आंकड्यांचें कोष्टक वाचण्याचा बहुतेकांस कंटाळा येतो. पण त्याच आंकड्यांचें चित्र काढून भिंतीवर लावलें, तर वाटेनें जाणारा माणूससुद्धां क्षणभर थांबून पाहतो. वर्तमानपत्रांतील पावसाचे स्तंभ, बाजारभावाची वरखालीं जाणारी रेषा, निवडणुकीच्या निकालाचें वाटोळें चित्र, हीं आज घरोघर परिचित झालीं आहेत. परंतु हीं चित्रें आतां बहुधा मनुष्याच्या हातानें काढलीं जात नाहींत. संगणकास चार ओळींची आज्ञावली दिली, कीं यंत्र तीं तत्काळ उमटवितें. हें कसें घडून आलें, आणि काढण्याचे श्रम यंत्रानें उचलल्यावर मनुष्याकडे कोणतें काम उरलें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

या विद्येचा आरंभ फार प्राचीन नाहीं. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें 1786 सालीं लंडन येथें एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत डोंगर-नद्यांऐवजीं इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेषा आणि स्कॉटलंडच्या व्यापाराचे स्तंभ होते. वर्तुळाचे भाग पाडून प्रमाण दाखविण्याची रीतही त्यानेंच 1801 सालीं पुढें आणली. यानंतर अर्धशतकानें फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं या साधनाचा उपयोग प्राण वांचविण्याकडे केला. क्रिमियाच्या युद्धांत शत्रूच्या शस्त्रांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनीं किती अधिक सैनिक मेले, हें त्यांनीं 1858 सालीं रंगीत चित्रांनीं दाखवून दिलें. पुढें हिंदुस्थानांतील लष्कराच्या आरोग्याचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला, आणि ग्रामारोग्याविषयीं पुण्याच्या सार्वजनिक सभेशींही पत्रव्यवहार केला.

महाराष्ट्रांतही आंकड्यांच्या विद्येची परंपरा भक्कम आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 सालीं निघाली व धनंजयराव गाडगीळ यांनीं तिला आकार दिला. याच संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं 1971 सालीं देशांतील दारिद्र्याचें मोजमाप मांडलें. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे थोर संख्याशास्त्रज्ञ. त्यांचें म्हणणें असें, कीं माणसामाणसाची अन्नाची गरज भिन्न असते. म्हणून सरासरी गरजेपेक्षां कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असें मानतां येणार नाहीं. यावर दांडेकर व सुखात्मे यांच्यामध्यें मोठा वाद झाला. वादाचा निकाल कांहीं असो. आंकड्यांची सरासरी पाहावयाची कीं त्यांचा विस्तार पाहावयाचा, या प्रश्नावर कोट्यवधि माणसांच्या पोटाचा हिशेब अवलंबून असतो, एवढें त्यावरून सर्वांच्या लक्षांत आलें.

तथापि विस्ताराचें चित्र हातानें काढणें हें कष्टाचें काम. आम्हीं शिक्षकांनीं चौकटींच्या कागदावर मुलांकडून असे आलेख पुष्कळ काढून घेतले आहेत. शंभर आंकडे मांडावयाचे, तर एक तास कोठें जाई तें कळत नसे. आणि मोजपट्टी बदलावयाची म्हटली, कीं सारा कागद पुन्हां पहिल्यापासून!

हे श्रम ज्यांनीं हलके केले, त्यांतील एकाचें नांव जॉन हंटर. हे शिकागो येथें मेंदूच्या विकारांवर संशोधन करीत. अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूंतील विद्युल्लहरींची नोंद त्यांना डोळ्यांनीं पाहावयाची होती. त्यासाठीं ते प्रथम मॅटलॅब नांवाची विकत मिळणारी आज्ञावली वापरीत. ती अपुरी पडूं लागली. तेव्हां पायथॉन या संगणकभाषेंत त्यांनीं स्वतःच चित्रें काढण्याचें साधन रचलें आणि 2003 सालीं तें सर्वांस विनामूल्य खुलें केलें. त्याचें नांव मॅटप्लॉटलिब. ही पायथॉन भाषा हॉलंडच्या खीदो फान रॉसम यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केली होती. तिचें नांव सापावरून पडलेलें नसून एका विनोदी इंग्रजी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून पडलें आहे. हंटर हे 2012 सालीं वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षीं कर्करोगानें निवर्तले. पण त्यांचें साधन अनेकांच्या हातीं वाढत राहिलें. 2019 सालीं कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगानें पाहिली, तिच्या कामींही तें उपयोगीं पडलें. आपल्याकडेही पवई येथील आय. आय. टी.चे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनीं लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही परिमाणांचीं चित्रें काढणारें मायावी नांवाचें साधन याच भाषेंत निर्माण केलें आहे.

आतां यंत्र काय करितें आणि काय करीत नाहीं, हें घरच्याच उदाहरणानें पाहूं. मी राहतों तो बुवापाडा अंबरनाथ शहरांत आहे. रेल्वेनें आमच्या अलीकडे उल्हासनगर, पलीकडे बदलापूर. खानेसुमारीप्रमाणें 2001 सालीं उल्हासनगरची वस्ती सुमारे 4 लाख 74 हजार होती, ती 2011 सालीं 5 लाख 6 हजार झाली. बदलापूरची सुमारे 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर गेली. म्हणजे पहिल्या शहराची वाढ शेंकडा 7, दुसऱ्याची शेंकडा 78. आतां या दोन शहरांचीं दोन निरनिराळीं रेषाचित्रें काढण्यास यंत्रास सांगा. दुसरी कांहीं सूचना नसेल, तर तें लहान आंकडा तळाशीं आणि मोठा आंकडा माथ्याशीं बसवितें. परिणाम असा, कीं दोन्ही चित्रांत एकच रेषा डावीकडच्या खालच्या कोपऱ्यांतून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यांत चढतांना दिसते! बाजूचे आंकडे न वाचणाऱ्यास दोन्ही शहरें सारख्याच वेगानें वाढलीं असें वाटेल. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. मोजपट्टी शून्यापासून धरावी अशी एक ओळ आज्ञावलींत लिहिली, कीं उल्हासनगरची रेषा जवळजवळ आडवी होते आणि बदलापूरची खरी चढण उघड होते. शाळा किती बांधाव्या, नळाला पाणी किती पुरवावें, हें ज्यांना ठरवावयाचें आहे, त्यांच्या हातीं यांपैकीं कोणतें चित्र पडतें, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे.

मग प्रत्येक चित्र शून्यापासूनच काढावें काय? तसेंही नाहीं. रोग्याच्या तापाचा आलेख शून्यापासून काढला, तर 98 आणि 103 अंशांमधला फरक दिसेनासा होईल, आणि त्या फरकांतच रोग्याचें जीवित असतें. म्हणून नियम पाठ करून भागत नाहीं. प्रश्न कोणता आहे हें आधीं समजावें लागतें, आणि तें काम यंत्राचें नव्हे.

दुसरें उदाहरण पावसाचें. 2005 सालच्या 26 जुलैचा प्रलय आपल्यापैकीं अनेकांच्या स्मरणांत असेल. त्या 24 तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास मात्र तो 75 मिलिमीटरहूनही कमी होता. या दोहोंची सरासरी 500 च्या थोडी वर येते; परंतु तेवढा पाऊस या दोहोंपैकीं एकाही ठिकाणीं पडला नव्हता. उल्हास नदीच्या कांठच्या आपल्या गांवांस सरासरीनें काय कळणार? पूर येतो तो सरासरीमुळें नव्हे, एखाद्या असाधारण दिवसामुळें येतो. 2019 सालीं 27 जुलैस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली व सुमारे एक हजार प्रवाशांस सोडवून आणावें लागलें, तेंही अशाच एका अतिवृष्टीमुळें.

अशा असाधारण आंकड्यांस चित्रांत जागा देण्याची युक्ति अमेरिकेचे जॉन टुकी यांनीं आपल्या 1977 च्या ग्रंथानें सर्वत्र पोंचविली. एक पेटी काढावयाची. तींत मधले निम्मे आंकडे बसतात, पेटींतील आडवी रेघ मध्य दाखविते, आणि फार दूरचे आंकडे पेटीबाहेर सुटे बिंदु म्हणून उभे राहतात. मायकेल वॅसकम या संशोधकानें मॅटप्लॉटलिबच्या आधारावर सीबॉर्न नांवाचें साधन रचलें, त्यांत ही पेटी एका ओळींत निघते. त्यांत सरासरीचा स्तंभ काढला, तरी त्याच्या माथ्यावर एक बारीक उभी रेघ आपोआप येते. ही सरासरी किती भरंवशाची आहे, हें ती सांगते. पुष्कळ जण चित्र स्वच्छ दिसावें म्हणून ती रेघ पुसून टाकतात. माझ्या मतें तसें करणें म्हणजे साक्षीदाराच्या जबानींतील ‘मला वाटतें’ हे शब्द खोडून टाकण्यासारखें आहे.

श्रोतेहो, प्लेफेअरच्या ताम्रपटापासून आजच्या संगणकापर्यंत काढण्याची रीत पार बदलली. जें काम पूर्वीं मोजक्या तज्ज्ञांनाच साधे, तें आज बुवापाड्यांतील एखादी शाळकरी मुलगी घरीं बसून, एक पैसाही न देतां करूं शकते. मात्र मोजपट्टी कोठून धरावी, सरासरी दाखवावी कीं विस्तार, आणि कोणता बिंदु गाळतां कामा नये, हे तीन निर्णय 1786 सालीं मनुष्याकडे होते व आजही त्याच्याचकडे आहेत. तेव्हां आपल्या मुलांस आज्ञावलीच्या चार ओळी अवश्य शिकवा; परंतु पुढच्या वेळीं वर्तमानपत्रांत एखादें चित्र दिसेल, तेव्हां त्यांस आधीं त्याच्या डाव्या बाजूचे आंकडे वाचावयास सांगा.