ल माँ, 11 जून 1955

दुपारी 4.00
फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. नावातच ‘ग्रां प्री’ आहे, टिकून राहण्याचं. सुमारे अडीच लाख प्रेक्षक. झेंडा पडताच चालक धावत रस्ता ओलांडतात आणि गाडीत उड्या घेतात. मर्सिडीजच्या फांजिओची विजार गिअरच्या दांड्यात अडकते आणि जगज्जेताच मागे राहतो. दिवसातला हसण्याजोगा प्रसंग एवढाच.

5.00
फेरारीचा कास्तेलोत्ती पुढे, त्याच्या मागावर जॅग्वारचा माईक हॉथॉर्न आणि सावरलेला फांजिओ. जॅग्वारला डिस्क ब्रेक आहेत. मर्सिडीजला जुने ड्रम ब्रेक. त्यांच्या जोडीला चालकाच्या पाठीमागे उभं राहणारं, वारा अडवून वेग तोडणारं एक मोठं झाकण. एकाच रस्त्यावर, पण थांबायला लागणारं अंतर प्रत्येकाचं वेगळं.

6.00
आता झुंज फक्त हॉथॉर्न-फांजिओची. चोवीस तासांची शर्यत दोघंही दहा मिनिटांची असल्यासारखी पळवताहेत. हॉथॉर्नच्या सर्वांत वेगवान फेरीची सरासरी ताशी 197 किलोमीटर. 1923 साली ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा विजेत्याची सरासरी होती 92 च्या आसपास. पिटसमोरचा, म्हणजे गाड्या इंधन-दुरुस्तीला थांबतात त्या जागेसमोरचा, रस्ता मात्र अजून अरुंदच. पिट आणि धावत्या गाड्या यांच्यामध्ये भिंत नाही. पलीकडे कमरेएवढा मातीचा बांध आणि त्याला खेटून माणसं.

6.20
मर्सिडीजच्या दुसऱ्या गाडीत पिएर लवेग. वय 49. 1952 मध्ये याच शर्यतीत त्याने जोडीदाराला चाक दिलंच नाही, बावीस तासांहून अधिक एकट्याने गाडी हाकली आणि जिंकत असताना इंजिनाने दगा दिला. तेव्हा जिंकली मर्सिडीज. आज तो त्याच मर्सिडीजचा चालक आहे, आणि फांजिओ त्याला एका फेरीने मागे टाकण्याच्या बेतात आहे.

6.26
हॉथॉर्नला पिटमध्ये यायचंय. तो मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि ब्रेक दाबतो. डिस्क ब्रेक आपलं काम चोख करतात. मॅकलिन त्याला चुकवायला डावीकडे वळतो. तिथे मागून लवेग येतोय, ताशी सुमारे 240 च्या वेगाने. मर्सिडीज हीलीच्या उतरत्या पाठीवरून हवेत जाते आणि बांधावर आदळते. इंजिन, पुढचा आस, बॉनेट सुटून गर्दीत घुसतात. लवेग जागीच ठार. फांजिओ त्या फटीतून कसाबसा निसटतो.

ब्रेक कोणी आणि किती लवकर दाबला, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मला आरोपी वाटतो तो रस्ता.

6.30
मर्सिडीजची काया मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. आगीवर पाणी मारलं जातं. मॅग्नेशियम पाण्याने विझत नाही, अधिकच भडकतं. एकूण मृत 80 हून अधिक. शर्यत चालूच! संचालक शार्ल फारू यांचं म्हणणं असं, की ती थांबवली तर घरी निघालेली गर्दी रस्ते अडवेल आणि रुग्णवाहिका अडकतील. ऐकायला निर्दय, पण हे कारण मला खोटं वाटत नाही. ते रात्रभर पुरावं, हे मात्र पटत नाही.

रात्री 1.45
श्टुटगार्टच्या मुख्यालयातून होकार आल्यावर मर्सिडीज आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेते. फांजिओ आणि त्याचा जोडीदार मॉस तेव्हा दोन फेऱ्यांनी पुढे होते. जॅग्वारलाही माघारीची विनंती होते; ते नकार देतात.

रविवार, दुपारी 4.00
हॉथॉर्न आणि त्याचा जोडीदार ब्यूब विजयी. शॅम्पेन हाती घेतलेल्या हसऱ्या हॉथॉर्नचं छायाचित्र फ्रेंच वृत्तपत्रसृष्टीने त्याला कधी विसरू दिलं नाही.

चौकशीत कुठल्याही चालकावर ठपका आला नाही. पिटचा भाग पाडून नव्याने बांधला गेला, स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली. हॉथॉर्नच्या आत्मचरित्रातला मजकूर वाचून मॅकलिनने त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. निकाल लागायच्या आतच, जानेवारी 1959 मध्ये, इंग्लंडमधल्या साध्या रस्त्यावर हॉथॉर्न आपल्या जॅग्वारमध्ये अपघातात गेला. त्या वेळी त्याने नुकतीच मागे टाकलेली गाडी मर्सिडीज होती.