डिझेलची गाळणी तुंबणे (थंडीतील)
डिझेलमधील पॅराफिन मेणाचे थंडीत स्फटिक होऊन इंधनाची वाट अडणे. इंधन प्रथम धूसर दिसते ते तापमान म्हणजे धूसरांक, आणि ते वाहायचे थांबण्याच्या बेतात येते तो ओतनांक. गाडी मात्र ओतनांकाच्या पुष्कळ आधीच अडते, कारण गाळणीची छिद्रे काही मायक्रॉनचीच असतात. इंजिन सुरू होते, जरा चालते आणि इंधनाअभावी बंद पडते.

जैवडिझेल मिसळल्यास मूळ तेल कोणते हे निर्णायक ठरते. शुद्ध पामजन्य जैवडिझेल सुमारे १३ ते १६° से. लाच धूसर होते, सोयाबीनचे ०° च्या आसपास. जैवडिझेलमधील संतृप्त मोनोग्लिसराइडांचा साका मेणापेक्षा अधिक चिवट असतो. ऊब मिळाल्यावर मेण वितळते, पण हा साका सहजी विरघळत नाही. शिवाय जैवडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवते, म्हणून मिश्रण नव्याने वापरताना गाळणी लवकर बदलणे शहाणपणाचे.

मिश्रण म्हणजे थंडीत बिघाड, हा समज मात्र चुकीचा आहे. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी आणलेल्या, पानिपतला तयार होणाऱ्या हिवाळी डिझेलमध्ये ५% जैवडिझेल असून त्याचा ओतनांक −३३° से. आहे.