हाक मारली, ओ कोणी दिली? : शेलमधल्या नामविश्वांचा इतिहास

फ्रेगेचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे : पहाटेचा तारा आणि सांजतारा, नावं दोन, वस्तू एकच, शुक्र. आज आपण प्रश्न उलटा करू. नाव एक आणि वस्तू अनेक असतील, तर हाकेला ओ कोणी द्यायची?

आम्हाला हा प्रश्न ग्रंथात नव्हे, संगणकापुढे भेटला. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आणि आमची त्यावरची टिपणं, दोन्ही फायलींचं नाव एकच. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या त्या काळ्या खिडकीत, आम्ही आमची फाईल 'इथे' कॉपी केली. 'इथे' म्हणजे त्याच्या डिरेक्टरीत, हे ध्यानात आलं नाही. यंत्रानं काही विचारलं नाही. सहा महिन्यांचं काम पुसलं गेलं.

आता इतिहास पाहू. १९६५ साली डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्सची फाईलव्यवस्था मांडली : डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी, झाडासारखी. एका डिरेक्टरीत एक नाव एकदाच. शेजारच्या डिरेक्टरीत तेच नाव खुशाल असू द्या. मुळापासूनची वाट सांगितली की घोळ संपला. आपण नाही का, नुसतं 'वडगाव' म्हणून थांबत नाही. बुद्रुक की शेरी, तालुका, जिल्हा सांगतो. हेच नामविश्व, नेमस्पेस.

१९६९ मध्ये बेल लॅब्स मल्टिक्समधून बाहेर पडली. तिथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभारलं आणि हे झाड ठेवलं. पण दर वेळी पूर्ण वाट कोण लिहिणार? १९७४ च्या त्यांच्या लेखात शेलची रीत अशी आहे : आज्ञेचं नाव आधी चालू डिरेक्टरीत शोधायचं, नाही सापडलं तर 'बिन' डिरेक्टरीत. सोय झाली, आणि सापळाही. समजा, कोणी आपल्या डिरेक्टरीत 'एलएस' नावाचा खोटा प्रोग्रॅम ठेवला. व्यवस्थापकानं तिथे उभं राहून यादी मागितली, की खोटाच चालणार, तोही व्यवस्थापकाच्या अधिकारानं! पुढे १९७९ च्या बोर्न शेलमध्ये शोधाचा क्रम 'पाथ' या चलात ठेवून तो वापरणाऱ्याच्या हाती आला. शहाणे व्यवस्थापक चालू डिरेक्टरी त्यातून वगळतात.

२००६ साली आलेल्या पॉवरशेलनं हीच कल्पना फायलींपलीकडे नेली. विंडोजची रजिस्ट्री, पर्यावरण-चलं, टोपणनावं, सगळ्यांना ड्राइव्हसारखी दारं दिली. दोन मॉड्यूलमध्ये एकाच नावाची आज्ञा असेल, तर आधी मॉड्यूलचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग आज्ञा.

म्हणजे काय? एकमेवपण नावाच्या अंगी नसतं. ते नाव आणि त्याची चौकट यांच्या नात्यात असतं. आणि उलट दिशेनं तर तेही नाही : युनिक्समध्ये एकाच फायलीला अनेक नावं चालतात. खाली तिचा आयनोड क्रमांक असतो, पण तोसुद्धा त्या फाईलव्यवस्थेपुरताच एकमेव. फ्रेगे पुन्हा दारात उभा!

त्या विद्यार्थ्यानं प्रकरण पुन्हा लिहिलं. आम्हाला एका शब्दानं बोलला नाही. तेव्हापासून आम्ही पूर्ण वाट टंकतो. हाक मारण्यापूर्वी आपण कुठे उभे आहोत, एवढं पाहावं.