धाप आणि पावले

दीर्घकालीन फुप्फुसविकारांवर आज जी फिजिओथेरपी दिली जाते, तिचा इतिहास पाहू लागल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : उपचार टिकले, त्यांची कारणे मात्र पुनःपुन्हा बदलली. धाप लागलेल्या माणसाने स्वस्थ बसावे की चालावे, हा या इतिहासातील मूळ वाद होय, आणि त्याची सुरुवात क्षयाच्या आरोग्यधामांतून झाली. 1854 साली सायलेशियातील ग्योर्बर्सडोर्फ येथे आरोग्यधाम काढणारे हेर्मान ब्रेमर रुग्णांना डोंगरवाटांवर बेताबेताने चालवीत; उलट त्यांचेच एकेकाळचे रुग्ण पीटर डेटवायलर यांनी 1876 पासून फाल्कनश्टाइन येथे रुग्णांना उघड्या व्हरांड्यातील आरामखुर्च्यांवर तासन्‌तास निजवून ठेवण्याची शिस्त घातली. पुढे विश्रांतीचाच पक्ष सरस ठरला, कारण धाप लागली की थांबावे, हे कोणालाही सहज पटण्यासारखे होते.

या मताला सर्वांत ठोस आव्हान मिळाले ते इंग्लंडमधील फ्रिमली येथे. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने 1905 साली तेथे आरोग्यधाम उघडले, आणि त्याचे प्रमुख मार्कस पॅटरसन यांनी क्षयरुग्णांसाठी कष्टांची चढती श्रेणी आखली. रुग्णाने प्रथम केवळ चालावयाचे, ते जमले की मातीच्या टोपल्या वाहावयाच्या, मग लहान फावडे, त्यानंतर मोठे, आणि अखेरीस हाती कुदळ घ्यावयाची. मधूनच ताप चढल्यास पुन्हा अंथरूण धरावयाचे. श्रमामुळे जंतूंचे विष थोडेथोडे रक्तात उतरते व शरीर त्यावर प्रतिद्रव्ये तयार करते, असा पॅटरसन यांचा सिद्धांत होता. तो पुढे टिकला नाही. मात्र भार मोजून वाढवावा आणि वाढविण्यापूर्वी शरीराचा कौल घ्यावा, ही त्यांची रीत आजच्या कोणत्याही पुनर्वसन-विभागात ओळखीची वाटेल.

दुसरा प्रवाह कफाच्या निचऱ्याचा. श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचत राहतो, त्या विकारास ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. अशा रुग्णांना विशिष्ट स्थितीत निजवून गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने कफ मोठ्या नलिकांकडे आणावा, ही पद्धत विल्यम एवर्ट यांनी 1901 साली ‘लॅन्सेट’मध्ये श्वसन-व्यायामांसह मांडली. 1934 च्या सुमारास ब्रॉम्प्टनमधील विनिफ्रेड लिंटन यांनी छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी छातीच्या ठरावीक भागावर हात ठेवून तेवढाच भाग फुलविण्याचे व्यायाम बसविले. पुढे खोलगट तळहाताने पाठीवर लयीत थापटणे हे तर या व्यवसायाचे चिन्हच बनले. परंतु त्याला पुरावा तोकडा होता, आणि 1979 साली अमेरिकी डॉक्टर जॉन मरी यांनी या साऱ्या खटाटोपाची तुलना उलटी धरून थापटलेल्या केचपच्या बाटलीशी केली. उपमा बोचरी असली तरी अगदीच अन्याय्य नव्हती. योगायोग असा की त्याच वर्षी ब्रॉम्प्टनमधूनच ‘हफ’ या तंत्राची उपयुक्तता मांडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना जसा घसा उघडा ठेवून श्वास सोडतात, तसा पण जोराने सोडलेला हा उच्छ्वास असतो. तो रुग्णाला स्वतःच्या स्वतः करता येतो, आणि त्यामुळे थापटणाऱ्या हाताची गरज बरीच कमी झाली.

भारतात फिजिओथेरपीचे संघटित शिक्षण 1950 च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले, पण त्यामागची निकड पोलिओची होती. छातीचे विकार या अभ्यासात दुय्यम स्थानी होते.

चालण्याचा पक्ष पुन्हा वर आला तो सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या विकाराच्या निमित्ताने. 1952 साली न्यूयॉर्कचे ॲल्व्हन बॅराक यांनी प्राणवायू देऊन चालविलेल्या दोन रुग्णांविषयी लिहिले, की त्यांची धाप न लागता चालण्याची क्षमता हळूहळू वाढत गेली, जणू खेळाडूप्रमाणे त्यांचाही सराव झाला असावा. डेन्व्हरमध्ये टॉमस पेटी यांनी 1960 च्या दशकात सुटसुटीत प्राणवायू, श्वसनशिक्षण आणि चालणे यांची एकत्रित सांगड घातली. तरीही बिघडलेले फुप्फुस सुधारत नसताना माणूस अधिक चालतो कसा, हे कोडे राहिलेच होते. त्याचा उलगडा 1991 साली रिचर्ड कॅसाबुरी व सहकाऱ्यांच्या प्रयोगातून बराचसा झाला. बसून राहिल्याने दुबळे झालेले पायांचे स्नायू थोड्या श्रमातच लॅक्टिक आम्ल निर्माण करतात, आणि त्यामुळे वाढणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढवावा लागतो. सरावाने आम्ल कमी होते व तेवढ्याच कामाला श्वासही कमी लागतो. म्हणजे विश्रांतीचा सल्ला धाप टाळण्यासाठी दिला जाई आणि कालांतराने तोच धाप वाढवी. 2015 साली 65 चाचण्यांतील 3,822 रुग्णांची माहिती तपासून कॉक्रेन समीक्षेने अशा एकत्रित उपचाराचा, म्हणजे पुनर्वसनाचा लाभ इतका निश्चित मानला, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरजच उरली नसल्याचे म्हटले.

या उपचाराची मोजदादही पायांनीच होते. 1982 साली ब्रॉम्प्टनमधील संशोधकांनी बारा मिनिटांऐवजी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी पुरेशी असल्याचे दाखविले. आज ती 30 मीटरच्या सपाट मार्गिकेत घेतात. दोन टोकांना शंकू असतात आणि रुग्ण त्यांना वळसा घालून आपल्या चालीने फेऱ्या मारतो, हवे तेव्हा थांबतो, भिंतीला टेकतो, पण घड्याळ चालूच राहते. अखेरीस कागदावर मीटरांचा आकडा लिहिला जातो. काही आठवड्यांच्या सरावानंतर तो वाढलेला दिसतो, आणि शेजारच्या रकान्यातील, फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या फुंकरीच्या चाचणीचा आकडा बहुधा होता तेथेच असतो.