दोन डॉलरांच्या वर्गणीची कुळकथा

पिट्सबर्ग शहराच्या उत्तर भागात, जो १९०७ पर्यंत ॲलेगेनी या नावाने स्वतंत्र नगर म्हणून नांदत होता, घड्याळाचा मनोरा असलेली ग्रॅनाइटची एक भव्य इमारत उभी आहे. पोलादाच्या धंद्यात कुबेर झालेल्या ॲन्ड्रू कार्नेगी यांनी १८८६ मध्ये तिच्यासाठी अडीच लाख डॉलर देऊ केले आणि १८९० मध्ये तिचे ग्रंथालय म्हणून उद्घाटन झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तिचा जन्म दोन डॉलरांच्या एका वर्गणीच्या पोटी झाला, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडमधील डनफर्मलिनहून १८४८ मध्ये आईबापांबरोबर आलेला कार्नेगी प्रथम ॲलेगेनीच्या सूतगिरणीत आणि मग पिट्सबर्गच्या तारकचेरीत निरोप्या म्हणून राबत असता, कर्नल जेम्स ॲन्डरसन नावाच्या सद्गृहस्थांनी आपला सुमारे चारशे ग्रंथांचा संग्रह कामकरी मुलांसाठी दर शनिवारी खुला केला होता. पुढे या संग्रहाची रीतसर संस्था झाली आणि कारभाऱ्यांनी असा दंडक घातला की, कारागिराच्या हाताखाली कराराने बांधलेल्या उमेदवारांनाच ग्रंथ मोफत मिळतील. इतरांनी सालीना दोन डॉलर भरावेत. तारकचेरीतला पोरगा कराराने बांधलेला नव्हता. तेव्हा १८५३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने ‘पिट्सबर्ग डिस्पॅच’ या वृत्तपत्राकडे तक्रार धाडली, खाली ‘कामकरी मुलगा’ अशी सही केली आणि अखेरीस तो दंडक मागे घ्यायला लावला.

कार्नेगींच्या ग्रंथदानाची याहून निराळी उपपत्ती सांगणारे पुष्कळ आहेत. होमस्टेडच्या कारखान्यातील संपात सांडलेल्या रक्ताचे ते प्रायश्चित्त होते, असे काही जण म्हणतात. परंतु तो संप १८९२ मधला, आणि कार्नेगींनी दिलेले डनफर्मलिनचे ग्रंथालय तर १८८३ मध्येच उघडले होते, तेव्हा पापाच्या आधी प्रायश्चित्त घडल्याचे मानावे लागेल. दुसरा पक्ष अधिक सबळ आहे: कार्नेगींचे वडील विणकर होते आणि गावातील पहिले वाचनालय उभारणाऱ्या पाच विणकरांत ते एक होते, असे कार्नेगींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. या वारशाने ग्रंथप्रेमाचा उलगडा होतो; पण ग्रंथ मोफतच हवेत आणि त्यांचा खर्च नगराने आपल्या महसुलातून सोसावा, या हट्टाचा होत नाही. कराची युक्ती १८५० च्या ब्रिटिश ग्रंथालय कायद्यातून उसनी घेतली असेल. हट्ट मात्र ‘कामकरी मुला’चा. ॲलेगेनीच्या नगरसभेकडून सालीना पंधरा हजार डॉलरांची तजवीज त्यांनी करून घेतली आणि पुढे हीच अट, बांधकामाच्या रकमेच्या एक दशांशाइतक्या वार्षिक तरतुदीच्या रूपाने, गावोगावच्या देणग्यांना जोडली गेली. शिवाय १९०४ मध्ये या इमारतीपाशी स्मारक उभारले ते ॲन्डरसन यांचे. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी त्यात ऐरणीवर बसून ग्रंथ वाचणारा लोहकामगार घडवला. उमेदवार आणि वाचक यांच्यामध्ये कारभाऱ्यांनी घातलेली भिंत या शिल्पाने पाडली, असे मी समजतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इमारतीतील संगीतगृहाचे नाट्यगृह झाले. १९७० च्या दशकात आधुनिकतेच्या हौसेने मूळच्या कमानी आणि खांब झाकले गेले. एप्रिल २००६ मध्ये मनोऱ्यावर वीज कोसळून ग्रॅनाइटचा मोठा तुकडा छप्पर फोडून आत पडला आणि ग्रंथालयाला टाळे लागले. २००९ मध्ये ते जवळच फेडरल रस्त्यावरच्या नव्या वास्तूत गेले. शेजारच्या बालसंग्रहालयाने जुनी इमारत हाती घेतली, वरची लिंपणे खरवडून तिचे जीर्ण सौंदर्य तसेच उघडे ठेवले आणि २०१९ मध्ये तेथे दहा वर्षांवरील मुलांसाठी ‘म्युझियमलॅब’ नावाची प्रयोगशाळा सुरू केली, जिथे मुले हत्यारे हाती धरून वस्तू घडवायला शिकतात.

हाताने शिकणारी मुले त्या वास्तूत आली, हा पुनर्वापर मला तिच्या कुळाला साजेसा वाटतो, आणि मोडकळीला सोडण्यापेक्षा तो शतपटीने बरा. परंतु कुळकथा सांगणाऱ्याने हिशेब पुरा मांडला पाहिजे. ग्रंथ आजही मोफत मिळतात, ते फेडरल रस्त्यावर. दोन डॉलरांच्या रागातून उभ्या राहिलेल्या या दारातून आत जायचे, तर संग्रहालयाचे तिकीट काढावे लागते.